इशारा पोचला, अर्थ पोचला का?

पावसाळ्यात कृष्णाकाठच्या माणसाचा मोबाइल दिवसभर वाजत असतो. कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग, वारणेचे दरवाजे उचलले, जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट, अलमट्टीची पातळी इतकी, आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट. मध्येच कुणीतरी जुन्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून टाकतो. आणि प्रत्येक सरकारी संदेशाच्या शेवटी ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ ही ओळ असतेच. माहितीचा तुटवडा आता राहिलेला नाही. प्रश्न वेगळाच आहे. भिलवडीतल्या किंवा कऱ्हाडच्या नदीकाठच्या माणसाने हे सगळे वाचून आज रात्री नेमके काय करायचे? जनावरे सोडायची? आजारी आईला मिरजेला बहिणीकडे पोचवायचे? की निवांत झोपायचे?

धोक्याचा इशारा हा हवामानशास्त्राचा आणि जलसंपदा खात्याचा विषय समजला जातो. अंदाज अचूक आला, तो वेळेत पाठवला, की काम झाले असे मानले जाते. पण इशारा शेवटी माणसाच्या डोळ्यांवर, कानांवर आणि मनावर येऊन आदळतो. तो कळला का, पटला का आणि त्यावर पाऊल उचलता आले का, हे ठरवणारे एक वेगळे शास्त्र आहे. विमानाच्या कॉकपिटपासून अतिदक्षता विभागापर्यंत आणि अणुभट्टीपासून बँकेच्या संगणक सुरक्षा कक्षापर्यंत गेली चार-पाच दशके त्याचा अभ्यास सुरू आहे. वापरणाऱ्याच्या बाजूने रचना करायची, हे त्याचे सूत्र. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना या शास्त्राची गरज इतर कुणापेक्षाही जास्त आहे, आणि नेमके तेच आपल्या आपत्ती व्यवस्थापनात सर्वांत दुर्लक्षित आहे.

पाण्याच्या तीन भाषा

एकाच पाण्याबद्दल आपण तीन भाषांत बोलतो. धरणात किती साठले ते टीएमसीमध्ये, म्हणजे अब्ज घनफुटांत. किती सोडले ते क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. आणि नदी किती चढली ते फुटांत. अभियंत्याला या तिन्ही भाषा येतात. एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिले तर ८.६४ टीएमसी होते, म्हणजे कोयनेच्या १०५.२५ टीएमसी क्षमतेचा साधारण बारावा हिस्सा. पण हा हिशेब नदीकाठच्या शेतकऱ्याने रात्री कंदिलाच्या उजेडात करावा, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आणि केला तरी त्यातून त्याच्या उंबऱ्याला पाणी लागणार का, हे कळत नाही.

तिसरी भाषा मात्र लोकांची आहे. १९२९ साली खुला झालेला सांगलीचा आयर्विन पूल हा या भागातला सर्वांत समजणारा इशारा आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा पातळी, पंचेचाळीस म्हणजे धोका. शहरातल्या कुणालाही विचारा. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या सखल भागांत पाणी आधी शिरते आणि नंतर कुठे वळते, याचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो. पुलाजवळच्या एका आकड्यावर अख्खे शहर सामान बांधते किंवा बांधत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या ३९ आणि ४३ फुटांचे असेच आहे. कोणत्याही डिझाइनरने कागदावर काढलेली ही रचना नाही. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून ती घडवली. एक जागा, एक आकडा, आणि त्या आकड्याला जोडलेली कृती. चांगल्या इशाऱ्याची व्याख्या याहून वेगळी नाही.

मग सरकारी संदेश या भाषेत का बोलत नाहीत? कोयनेतून सुटलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून सांगलीत पोचायला कित्येक तास लागतात. हे तास म्हणजेच लोकांच्या हातातली खरी संपत्ती. ‘कोयनेतून इतके क्युसेक’ या वाक्याऐवजी ‘उद्या दुपारपर्यंत आयर्विनला पाणी इतक्या फुटांपर्यंत जाण्याची शक्यता’ असे वाक्य मिळाले, तर ती संपत्ती वापरता येते. कृष्णा खोऱ्यात पाऊस आणि पाणीपातळी आपोआप नोंदवणारी केंद्रे आहेत आणि पुराचे गणित मांडणारी प्रारूपेही आहेत. त्यांचे उत्तर लोकांच्या भाषेत उतरवण्याचा शेवटचा टप्पा तेवढा अर्धवट राहतो.

मागच्या पुराची रेघ

लोकांच्या भाषेलाही एक धोका आहे, तो २०१९ ने दाखवला. २००५ च्या पुरात आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते. नदीकाठच्या गावांनी त्याची खूण भिंतीवर आणि मनात जपली. ‘पाच सालाला इथवर आले नव्हते’ हे वाक्य २०१९ च्या ऑगस्टमध्ये अनेक घरांत बोलले गेले आणि त्या भरवशावर माणसे, जनावरे घरात थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मागच्या रेघेच्या तीन-चार फूट वर. ज्यांनी तळमजल्यावरचे सामान माळ्यावर ठेवले होते, त्यांना आता माळाच सोडायचा होता. तोवर रस्ते पाण्याखाली गेलेले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावातून बाहेर पडणाऱ्यांनी भरलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. आधी बाहेर पडण्याचे तास होते, तेव्हा निघण्याचा निर्णय झाला नव्हता. निर्णय झाला तेव्हा एकच बोट उरली होती.

यात लोकांना अडाणी म्हणण्यासारखे काही नाही. माणसाचे मन नवा धोका जुन्या अनुभवाच्या मापानेच मोजते. मानसशास्त्राला हे चांगले ठाऊक आहे. म्हणून इशाऱ्याने त्या मापाशीच थेट बोलायला हवे. ‘अतिगंभीर पूर’ या विशेषणापेक्षा ‘यंदा पाणी २००५ च्या रेघेच्या वर जाईल’ हे वाक्य शंभर पटींनी परिणाम करते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या पातळ्या प्रत्येक पूरग्रस्त गावात, शाळेच्या भिंतीवर आणि विजेच्या खांबांवर रंगवून ठेवल्या आणि त्या आयर्विनच्या फुटांशी जोडल्या, तर हजारो रुपयांच्या फलकापेक्षा तो रंगाचा डबा अधिक जीव वाचवेल.

वाजून वाजून बोथट

दुसरा रोग आहे इशाऱ्यांच्या गर्दीचा. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेला तो पुरेपूर ठाऊक असतो. एकेका खाटेभोवती मॉनिटर, व्हेंटिलेटर, सलाइनचे पंप वाजत असतात आणि त्यातले बहुसंख्य आवाज रुग्ण हलल्याने किंवा वायर सैल झाल्याने आलेले असतात. काही काळाने कान ते आवाज गाळून टाकतो. वैद्यकशास्त्रात याला गजरांचा थकवा म्हणतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेकडे जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात गजरांशी संबंधित ९८ दुर्घटनांची नोंद झाली. त्यांतल्या ८० घटनांत रुग्ण दगावले. यंत्र मुके नव्हते. इतके बोलत होते, की ऐकू येईनासे झाले होते.

संगणकांच्या जगातही हेच घडते. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. सुरक्षा प्रणालीने घुसखोरीचे इशारे दिले होते, पण त्यांवर वेळेत कारवाई झाली नाही. रोजच्या शेकडो सूचनांत खरी सूचना वेगळी कशी दिसावी, हा प्रश्न तेव्हापासून त्या क्षेत्रात ऐरणीवर आला.

आता सातारा जिल्ह्याकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ‘सातारा जिल्ह्याला रेड अलर्ट’ हा संदेश दोघांच्या मोबाइलवर सारखाच येतो. दहिवडीत ऊन पडलेले असते. असे चार-पाच वेळा झाले, की लाल रंग माणसाला फिका दिसू लागतो. सांगलीची गंमत उलटी आहे. तिथला पूर सांगलीच्या पावसावर अवलंबूनच नाही. तो घाटमाथ्यावरच्या पावसावर आणि धरणांवर अवलंबून आहे. स्वच्छ ऊन असताना नदी चढते, आणि जतला पाऊस झाला म्हणून कृष्णेला पूर येत नाही. हवामान विभाग आता पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांच्या घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतो, ही योग्य दिशेने टाकलेली पावले आहेत. तीच बारकाई तालुका आणि नदीकाठ या पातळीवर यायला हवी.

रंगांचा अर्थही लोकांपर्यंत नीट पोचलेला नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. हवामान विभागाच्या रचनेत रंग हे कृतीचे आहेत. बातम्यांत आणि मोबाइलवर येईपर्यंत ते नुसते पावसाचे मिलिमीटर होऊन बसतात.

पाठवणाऱ्याचा पडदा

इशारा वाचणाऱ्याचा विचार कधीतरी होतो, पाठवणाऱ्याचा क्वचितच. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभराहून अधिक गजर वाजत होते. महत्त्वाचा कोणता, हे सांगायची सोय नव्हती. त्याहून बोलका होता तो एक छोटा दिवा. झडप बंद करण्याची आज्ञा गेली, एवढेच तो सांगत होता. झडप खरोखर बंद झाली का, हे सांगत नव्हता. झडप उघडीच राहिली आणि कर्मचारी ती बंद आहे असे समजून चालले.

आपल्या आपत्ती व्यवस्थेतला ‘संदेश पाठवला’ हा शेरा अगदी त्या दिव्यासारखा आहे. जिल्हा नियंत्रण कक्षातून तहसील, तिथून मंडल अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सरपंच अशी साखळी चालते. प्रत्येक पायरीवर संदेश पुढे ढकलला, की जबाबदारी संपते. ज्या वस्तीत तो पोचायचा होता तिथून ‘मिळाला, समजला, निघालो’ असे उत्तर परत येण्याची सोय नसते. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणा म्हणजे पोचपावती नव्हे. एकच तलाठी डझनभर ग्रुपमध्ये असतो. त्याला शासकीय बैठकीचे निमंत्रण, पीक पाहणीची आठवण आणि नदीची धोक्याची पातळी एकाच आवाजात आणि एकाच रंगात येते.

चुकीच्या इशाऱ्याची तयारीही लागते. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी हवाई बेटांवरच्या लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा झळकला. तो खोटा होता. सरावाच्या वेळी तो खरा म्हणून पाठवला गेला. सराव आणि खरी सूचना यांत पडद्यावर पुरेसा फरक नव्हता, पाठवण्यासाठी दुसऱ्या माणसाची मंजुरी लागत नव्हती आणि इशारा मागे घेण्याचा संदेश तयारच नव्हता. दुरुस्ती फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. तेवढा वेळ लोक मुलाबाळांना घेऊन आडोसा शोधत होते. दोष एका कर्मचाऱ्यावर ढकलणे सोपे होते. चौकशीत रचनेचे दोष समोर आले.

भारतातही २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइल टॉवरवरून थेट इशारा देण्याच्या चाचण्या केल्या. महाराष्ट्रातल्या अनेकांचे फोन एकदम मोठ्याने वाजले आणि पडद्यावर संदेश आला. या पद्धतीला ॲप लागत नाही, क्रमांकांची यादी लागत नाही. टॉवरच्या परिसरातल्या प्रत्येक फोनवर संदेश जातो. म्हणजे कसबे डिग्रजच्या काठाला वेगळा आणि विट्याला काहीच नाही, असे करता येते. हत्यार धारदार आहे. म्हणूनच ते जपून वापरायला हवे. हा आवाज पिवळ्या अलर्टसाठी आणि ‘सतर्क राहावे’साठी वाजू लागला, तर वर्षभरात लोक सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करतील.

जिथे फोनच लागत नाही

नदीला निदान फूटपट्टी आहे. डोंगराला तीही नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान विभागाच्या मोजमापात २०४.४ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस अतिमुसळधार ठरतो. हा त्याच्या जवळजवळ तिप्पट. त्याच पावसात पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्यांवर दरडी कोसळल्या आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. वीज गेलेली, रस्ते तुटलेले, फोन बंद. अशा ठिकाणी मोबाइलवरचा सर्वांत सुंदर संदेशही निरुपयोगी.

इथे बांगलादेशाकडे पाहण्यासारखे आहे. १९७० च्या चक्रीवादळात तिथे लाखो माणसे मेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात गावागावांत स्वयंसेवक नेमले गेले. त्यांच्याकडे झेंडे, भोंगे आणि सायकली होत्या. एक झेंडा, दोन झेंडे, तीन झेंडे; प्रत्येकाचा अर्थ शाळकरी मुलालाही ठाऊक. नंतर मोबाइल आले, तरी झेंडे गेले नाहीत. चक्रीवादळांतले मृत्यू तिथे पूर्वीच्या तुलनेत कितीतरी खाली आले, त्यात या माणसांचा वाटा मोठा आहे.

पाटणच्या डोंगरातल्या वाडीला याचे आपले रूप हवे. वाडीत एक साधे पर्जन्यमापक, त्यावर ठरवलेली एक लाल रेघ, आणि रेघेला पाणी लागले की कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता देवळाची घंटा. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग पडली, झाडे-खांब कलले, दारे चौकटीत अडकू लागली, तर ही दरडीची पूर्वसूचना असू शकते, हे वाडीतल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे. रात्र पडण्याआधी निघायचे, कुठल्या वाटेने आणि कुणाच्या घरी, हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे.

मुक्कामी पोचणारा संदेश

चांगला इशारा चार गोष्टी सांगतो: कुठे, केव्हा, किती आणि काय करायचे. त्यांतली शेवटची पहिल्या ओळीत यायला हवी. उदाहरणादाखल: ‘नदीकाठच्या घरांनी आज सायंकाळी सहापूर्वी शाळेत जावे. जनावरे गावठाणाच्या वरच्या माळावर न्यावीत, तिथे चाऱ्याची सोय आहे. उद्या पाणी २०१९ च्या रेघेपर्यंत येण्याची शक्यता आहे.’ तीन वाक्ये. जनावरांचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे. दावणीला म्हैस असताना शेतकरी घर सोडत नाही, हे कृष्णाकाठी दर पुरात दिसते. ज्या संदेशात म्हशीची जागा नाही, तो संदेश त्या घरासाठी अपुरा आहे.

आरोग्याच्या अंगाने हे तास आणखी मोलाचे आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणारा रुग्ण, दिवस भरत आलेली बाई, इन्सुलिनवरचा मधुमेही, घरी ऑक्सिजन लावलेला वृद्ध. यांना इतरांच्या आधी एक दिवस हलवावे लागते. गावातल्या आशा कार्यकर्तीला ही घरे तोंडपाठ असतात. नारिंगी रंगाचा अर्थ तिच्यासाठी वेगळा असायला हवा: सज्ज राहा नव्हे, या घरांना हलवा. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस, अतिसार आणि सर्पदंश येतातच. त्यांच्या सूचना पुराच्या ऐन धांदलीत न देता पाणी उतरू लागल्यावर वेगळ्या द्याव्यात. एका संदेशात एकच काम.

साखळीलाही काही साधे नियम लावता येतील. धोक्याच्या संदेशाचा मार्ग रोजच्या कामाच्या ग्रुपपासून वेगळा. प्रत्येक गावातून ठरावीक वेळेत पोचपावती. ती आली नाही तर कुणीतरी प्रत्यक्ष जाणार. खरा इशारा पाठवताना दोन माणसांची मंजुरी. चूक झाली तर दुरुस्तीचा संदेश आधीच तयार. आणि धोका टळल्यावर ‘आता घरी परता’ असे स्पष्ट सांगणे, कारण न संपलेला इशारा पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी करतो. मे महिन्यात हे सगळे दोन-चार गावांत खऱ्या माणसांवर करून पाहावे: कमी दिसणारी आजी, ऐकू न येणारा तरुण, फक्त साधा फोन असलेला शेतमजूर. त्यांना कळले तर सगळ्यांना कळेल.

यावर एक आक्षेप येतो. इतके नेमके सांगितले आणि पाणी आले नाही, तर लोक हसतील. आले आणि अंदाज कमी पडला, तर अधिकारी अडचणीत येईल. ही भीती खरी आहे. म्हणूनच आजचे बहुतेक संदेश पाठवणाऱ्याच्या बचावासाठी लिहिलेले असतात. ‘सतर्क राहावे’ या शब्दांत कुणीच चुकत नाही आणि कुणी वाचतही नाही. यावर उपाय अंदाज लपवण्यात नाही. अंदाज किती खात्रीचा आहे ते साध्या शब्दांत सांगावे, चुकला तर का चुकला ते दुसऱ्या दिवशी सांगावे. कृष्णाकाठचा माणूस आयुष्यभर पावसाशी अदमासाने वागत आला आहे. प्रामाणिक अदमास त्याला समजतो. नेमका इशारा देऊन चुकलेल्या अधिकाऱ्याला संरक्षण आणि मोघम इशारा देऊन सुटलेल्याला जाब, असा उलटा क्रम शासनाने लावायला हवा.

अलमट्टीच्या उंचीवर, नदीपात्रातल्या अतिक्रमणावर आणि धरणांच्या परिचालनावर वाद व्हायलाच हवेत. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने पुराच्या कारणांचा आणि उपायांचा सविस्तर अहवाल दिला. ती कामे वर्षांची आणि कोट्यवधींची आहेत. इशाऱ्याची भाषा बदलायला मात्र पुढचा जून पुरेसा आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातले एक टेबल, गावागावांतून बोलावलेली पंधरा-वीस माणसे, आणि त्यांना विचारलेला एकच प्रश्न: हा संदेश वाचून तुम्ही आज रात्री काय कराल? त्यांचे उत्तर एकसारखे येईपर्यंत संदेश बदलत राहावा.